मागणी क्रमांक सात

मंगळवारी सकाळी साडेदहा वाजता हंबीररावांच्या गुऱ्हाळावर क्रांती झाली आणि दुपारी दोनच्या आत ती यशस्वी पण झाली. मालकशाही संपली, कामगार जिंकले, सगळ्यांनी मिसळ खाल्ली.

असं काहीही झालेलं नाही. गडमुडशिंगीत कुणालाही विचारा, त्या मंगळवारी उसाच्या रसाची पाच आधणं निघायची ती तीन निघाली, एवढंच लोकांना ठाऊक आहे. तेव्हा वरचं वाचलंच नाही असं समजावं आणि गुरुसिद्धच्या भुवयांपासून सुरुवात करावी.

भुवया त्याला नव्हत्या. एकोणीस हंगाम चुलवाणाच्या तोंडाशी बसून त्या जळून गेल्या होत्या, पापण्यांचे केससुद्धा. त्यामुळं हा माणूस चकित झालाय, का चिडलाय, का नुसताच बसलाय, हे समोरच्याला कळायचं नाही. बायकोला, चन्नम्माला कळायचं. पण ती सांगायची नाही.

गुरुसिद्ध जळव्या होता. गुऱ्हाळात वर काहील असते, तिच्यात उसाचा रस उकळत असतो आणि तिच्या कडंला गुळव्या उभा असतो. बघायला आलेले पावणे फोटो काढतात तो गुळव्याचा. काहिलीच्या खाली चुलवाण असतं, चुलवाणाच्या तोंडाशी कमरेएवढा खड्डा असतो आणि त्या खड्ड्यात जळव्या असतो. वाळलेली चिपाडं त्यानं मुठीमुठीनं आगीत सारायची. जाळ वाढला तर गूळ काळा पडतो, कमी झाला तर ढेप बसत नाही. गुळव्या सयाजी वरून कधी ओरडायचा नाही. तो पाय आपटायचा. एकदा आपटला की जाळ वाढव, दोनदा आपटला की आवर. एकोणीस वर्षं त्या दोघांचं बोलणं सयाजीच्या टाचेतून चाललं होतं आणि त्यात कधी भांडण झालं नव्हतं.

खड्ड्यात उतरताना गुरुसिद्ध गळ्यातली लिंगाची चांदीची पेटी पाठीवर टाकायचा. छातीवर राहिली तर तापून चटका बसायचा. बापही जळव्याच होता, तोही असंच करायचा. हातातलं काम हीच पूजा, असं त्या घरात धरून चाललेलं; त्यामुळं देवानं पाठीमागून बघावं, याला कुणाची हरकत नव्हती.

दिवाळी झाली आणि गुरुसिद्धच्या डाव्या डोळ्यावर साय धरली. आधी त्याला वाटलं धूर आहे. मग रविवारी, गुऱ्हाळ बंद असताना, घरच्या अंगणातही तो धूर दिसायला लागला. चन्नम्मानं त्याला के.एम.टी.च्या बसमध्ये बसवून कोल्हापुरात राजारामपुरीला डोळ्याच्या दवाखान्यात नेलं.

डॉक्टरीणबाई वयानं लहान होत्या. त्यांनी दोन्ही डोळ्यांत औषध घातलं, यंत्रातून बघितलं आणि विचारलं, "रोज किती वेळ आग बघता?"

"बघत न्हाय बाई, करतो," गुरुसिद्ध म्हणाला.

"किती वेळ?"

"पाचाला पेटवायची, सातला इझवायची."

"म्हणजे दोन तास?"

"आवं, सकाळी पाचाला आनि सांजचं सातला," चन्नम्मा म्हणाली. "मधनं भाकरी खात्यात. ती बी खड्ड्यातच."

बाईंनी कागद पुढं ओढला. मग म्हणाल्या, "आचेनं झालंय हे. डाव्याचं हंगाम संपल्यावर ऑपरेशन करून बघू, खात्री देत नाही. उजवा अजून हातात आहे. पण रोज असं दिवसभर आगीपुढं बसलात, तर या हंगामातच तोही जाईल. निदान निम्मा वेळ तरी लांब राहा." आणि त्यांनी कागदावर लिहून दिलं : आगीपासून दूर राहणे.

चन्नम्मा सातवी शिकलेली. तिनं बाहेर येऊन कागद दोनदा वाचला. "आता ह्यो कागद आगीला दावायचा व्हय?"

गुरुसिद्धचा धाकटा भाऊ सोमेश, घरातला तम्मा, तिथंच राजारामपुरीत क्लासला जायचा. पाच वर्षं तो साहेब व्हायच्या परीक्षा देत होता. अण्णाच्या जाळावर त्याचा क्लास चालला होता, हे तो स्वतःच सांगायचा आणि सांगताना त्याचे डोळे भरून यायचे. दवाखान्याबाहेरच्या टपरीवर त्यानं सगळं ऐकून घेतलं, चहा ठेवून दिला आणि दप्तरातनं वही काढली. त्या आठवड्यात क्लासमध्ये 'क्रांती : अर्थ, कारणे व परिणाम' चाललं होतं. पंधरा मार्कांना होतं.

"अण्णा, कारणं सात असत्यात," सोमेश म्हणाला. "तुज्यात सहा बसत्यात."

"सातवं कुठलं?"

"ब्रेडचे भाव वाढनं."

"आपन ब्रेड खात न्हाय, तम्मा."

"म्हनून तर म्हनालो सहा. पन सहावर बी हुतंय. दुसरा जळव्या ठेवायलाच पायजे मालकानं. निम्मा दिस तू, निम्मा दिस त्यो. न्हाय ठेवला तर संप!"

हा शब्द त्यानं एवढ्या मोठ्यानं म्हटला, की टपरीवाल्यानं विचारलं, "चहाचे आत्ताच देताय का?"

गुरुसिद्ध आधी सरळ मार्गानं गेला. हंबीरराव गुऱ्हाळाच्या ऑफिसात बसले होते. ते पुरोगामी होते. भिंतीवर सगळ्या क्रांतिकारकांचे फोटो होते, आणि मधोमध काचेच्या चौकटीत एक तारेचा तुकडा. हंबीररावांच्या आबांनी बेचाळीस साली इंग्रजांच्या टपालाची तार तोडली, तिचा. गुरुसिद्ध कामाला लागला तेव्हा तो तुकडा बोटाएवढा होता. आता कोपरापर्यंत आला होता. मधल्या काळात चौकटही दोनदा बदलावी लागली होती.

गुरुसिद्धनं कागद पुढं केला. हंबीररावांनी तो वाचला, चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"गुरू, तुज्या डोळ्याची काळजी मला न्हाय का?"

"हाय की मालक."

"आबांनी तार तोडली ती अमावास्येला. काय दिसत हुतं का त्यास्नी? अंधार गुडुप. पन इचार पेटलेला हुता आत." त्यांनी छातीवर हात ठेवला. "दुसरा जळव्या ह्या साली न्हाय जमायचा. पन तुला तसाच न्हाय सोडायचा मी."

त्यांनी गाडीतनं एक पिशवी मागवली आणि तिच्यातनं चष्मा काढून दिला. नात पोहायच्या क्लासला जायची, तिचा होता. गुलाबी. दोन्ही बाजूंना मासा.

गुरुसिद्धनं तो दीड दिवस घातला. घाला म्हणून सांगितलं होतं आणि हंबीरराव दिवसातनं दोनदा बघून जात होते. रबर डोक्याला पुरत नव्हतं म्हणून चन्नम्मानं मागं सुतळी बांधून दिली. पहिल्या आधणाला आतनं वाफ धरली. दुसऱ्याला गालावर घामाची डबकी साचली. दुसऱ्या दिवशी दुपारी डावीकडचा मासा वितळून कानापर्यंत आला. घाण्यात ऊस घालणारी पोरं एवढी हसली, की घाणा दोनदा अडकला. सयाजी हसला नाही. त्यानं वरून पाय आपटला. एकदा नाही, दोनदा नाही, नुसताच रागानं आपटत राहिला. खाली गुरुसिद्धला कळेना, जाळ वाढवायचा का आवरायचा.

त्या शनिवारी दुपारी चिपाडाच्या गंजीमागं सगळे जमले. सयाजी, घाण्यावरचे, मळी काढणारे, ढेपा बांधणारे, गुरुसिद्ध आणि सोमेश धरून तेरा जण. चन्नम्मा आणि चिपाडं वाळत घालणाऱ्या बायका जरा बाजूला बसल्या. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं, पण गंज त्यांचीच होती. सोमेश उभा राहून बोलला. बोलला चांगला. शेवटी म्हणाला, "मागनी एकच! दुसरा जळव्या!"

"खरं सांगू काय," सयाजी म्हणाला. "उद्या माजा हात भाजला, तर मी बी खड्ड्यातच. ह्ये एकट्या गुरूचं न्हाय. पन एक हाय. काहिलीवर आधन असताना कोन उटायचं न्हाय. रसाचं पाप लागतंय."

"मंगळवारी पयलं आधन उतरल्यावर उटायचं," एक जण म्हणाला.

"मग माजी ना न्हाय."

त्या भागात शपथ घ्यायची एक रीत आहे. एकाच ढेपेचा गूळ सगळ्यांनी खायचा; खाल्ला की शब्द फिरवायचा नाही. सयाजीनं सकाळची ढेप आणली, फोडली आणि पहिला खडा गुरुसिद्धच्या तोंडात स्वतः घातला. त्याच्या बोटांना कायम पाकाचा वास यायचा.

सोमेशनं दोन खडे खाल्ले.

सोमवारी रात्री भाकरी वाढताना चन्नम्मानं विचारलं, "झोप लागंल काय?"

"एकोणीस वरसं इस्तू कवा मोडला न्हाय," गुरुसिद्ध म्हणाला. "बापानं बी न्हाय मोडला. कामावरनं उटायचं म्हंजे देवावरनं उटल्यागत वाटतंय."

"आनि डोळं गेल्यावर? मी काय हाताला धरून नेऊन बसवू चुलवानाम्होरं? वास काढत काढत जाळ घालनार तुमी? देवाला सांगा, जरा आंधळ्याचं काम बगून ठेव म्हनावं."

मंगळवारी पहिलं आधण दहाच्या सुमाराला उतरलं. सयाजीनं काहील गूळ निवायच्या वाफ्यात ओतून घेतली, रिकामी पाण्यानं धुतली आणि दोनदा पाय आपटला. मग खाली वाकून तोंडानं म्हणाला, "ये वर."

गुरुसिद्धनं विस्तव पसरला आणि तो वर आला. चुलवाण हळूहळू काळं पडत गेलं. घाणा थांबला. हंगामात भर सकाळी गुऱ्हाळ असं गप्प कुणी ऐकलं नव्हतं. कुत्रीसुद्धा उठून उभी राहिली. गुरुसिद्धच्या तोंडावर वारं लागलं. नुसतं थंड, साधं वारं. त्याला गालावर काहीतरी बसल्यासारखं वाटलं, म्हणून त्यानं हात फिरवला. हातांचं काय करायचं ते त्याला कळेना. त्यानं ते मांडीखाली घेतले. पलीकडं हिरवा ऊस दिसत होता, उजव्या डोळ्यानं अगदी पानासकट. आपण संपावर आहोत, असं त्यानं मनात म्हणून बघितलं. बरं वाटलं. ते बरं वाटणं साधारण वीस मिनिटं टिकलं.

साडेदहाला टेम्पो आला. त्यातनं मांडव उतरला.

बांबू, कापड, पन्नास खुर्च्या, माईक, भोंगा. पाठोपाठ हंबीररावांची गाडी. पाठोपाठ मिसळीचं पातेलं. मांडववाल्यांनी विचारलं, "संप कुठला, ह्योच का?" आणि दहा मिनिटांत संपावर सावली आली. मागं कापडी फलक लागला : 'भव्य क्रांती मेळावा'. खाली तारीख मंगळवारचीच छापलेली होती. फलक छापायला एक दिवस तर लागतोच.

गुरुसिद्धनं सोमेशकडं बघितलं. सोमेश माईक तपासत होता. हॅलो, हॅलो म्हणत होता.

हंबीरराव खुर्चीवर बसले नाहीत. कामगारांच्या मधोमध सतरंजीवर येऊन, मांडी घालून बसले.

"मालक, तुमी हितं?" सयाजीनं विचारलं.

"मी बी संपावर हाय."

"कुनाच्या इरोधात?"

"व्यवस्थेच्या," हंबीरराव म्हणाले. "आनि मालक म्हनायचं न्हाय. साथी म्हनायचं."

"व्हय मालक."

मग भाषण झालं. तार तुटली, आबा धावले, ओढ्यातनं पलीकडं गेले. त्यानंतर हंबीररावांनी आवाज खाली आणला. "आज ह्या गुऱ्हाळातनं मालक ह्यो शब्द मी काढून टाकतोय. आजपासनं हितं कोन मालक न्हाय. तुमीच मालक, मी बी तुमच्यातलाच एक. क्रांती गुऱ्हाळ साथी संघटना! बोला!"

सगळे बोलले. न बोलून कसं चालेल, मिसळ वाढायला सुरुवात झाली होती. संघटनेचा अध्यक्ष पाहिजे, असं कुणीतरी मागून म्हटलं आणि हंबीररावांचं नाव आलं. त्यांनी तीनदा नको म्हटलं. चौथ्यांदा त्यांचा नाइलाज झाला. सचिव म्हणून सोमेशचं नाव पुढं आलं, तेव्हा त्यानं एकदाच नको म्हटलं.

सोमेशनं मागण्या वाचल्या. गुळाला हमीभाव. गुऱ्हाळाला दिवसा वीज. मुडशिंगीच्या रस्त्याचं डांबरीकरण. गुळावरचा कर रद्द. गुळाला जगभर नाव. आबांच्या नावानं पोस्टाचं तिकीट. प्रत्येक मागणी सरकारकडं होती आणि प्रत्येकीला टाळ्या पडत होत्या. सहा झाल्या.

"मागनी क्रमांक सात," सोमेश म्हणाला, "इतर." आणि कागद घडी केला.

गुरुसिद्ध उठून त्याच्याजवळ गेला. "तम्मा, दुसऱ्या जळव्याचं?"

"त्यात हाय की अण्णा. इतरात."

"इतरात म्हंजे कुठं?"

"अरं, सगळं लिवलं तर निवेदन लांबतंय. सायेब वाचत न्हाईत."

तेवढ्यात गुरुसिद्धला मंचावर बोलावलं. शाल, नारळ, फेटा. संघटनेची खूण मशाल होती, म्हणून एक मशाल पेटवून त्याच्या हातात दिली. खरी, चिंध्यांची, रॉकेलात बुडवलेली. ती तोंडापुढं धरायची म्हणजे फोटोत चेहरा उजळतो. लोकल चॅनेलचा माणूस उचगावच्या रेल्वे फाटकात अडकला होता. तो येईपर्यंत हंबीररावांनी गुरुसिद्धचं मनगट धरून ठेवलं. चन्नम्मा खालून ओरडली, "आवं, तोंडापासनं लांब धरा की ती! डाक्टरीनबाईनं काय सांगितलंय?" भोंगा चालू होता. अकरा मिनिटं त्यानं मशाल धरली, आणि डोळे मिटले की फोटोवाला म्हणायचा, "मामा, डोळे उघडे. क्रांती आहे."

दोनला काहिलीत रस पडला. आता गुऱ्हाळ आपलंच आहे, तर आपलंच नुकसान कशाला, असं हंबीरराव म्हणाले. ते सगळ्यांना पटलं. गुरुसिद्ध फेटा काढून खड्ड्यात उतरला. वरून पाय एकदा आपटला.

नवीन व्यवस्थेत बऱ्याच गोष्टी बदलल्या. दारावरची पाटी बदलली. हंबीरराव सगळ्यांना साथी म्हणायला लागले. "साथी, चिपाडं कुजल्यात तुज्या आयला," असं. सोमेशला ऑफिसात टेबल मिळालं, शिक्का मिळाला. क्लास त्यानं सोडला. प्रत्यक्ष अनुभव मिळत असताना पुस्तकाची गरज नाही, असं त्याचं म्हणणं होतं. दुसरा जळव्या आला नाही.

दर सोमवारी बैठक व्हायची. तिसऱ्या सोमवारी गुरुसिद्ध उभा राहिला. उजव्या डोळ्यातही कडंनं धूर यायला लागला होता. जाळाचा पिवळा आणि पांढरा त्याला आता वेगळा दिसत नव्हता. नुसतं ऊन दिसायचं, खड्ड्यात उगवलेलं.

"दुसरा जळव्या पायजे," तो म्हणाला. "दुसरं काय न्हाय."

हंबीरराव हळहळले. खरंच हळहळले. "मी मालक असतो, तर आत्ता हुकूम काडला असता, गुरू. पन आता मालक कोन? ह्ये सगळे. जळव्याला द्यायचं ते ह्येंच्या वाट्यातनंच जानार. मी कोन ठरवनार? मत घ्या, सचिव."

सोमेश उभा राहिला. "दुसऱ्या जळव्याच्या बाजूनं?"

गुरुसिद्धनं हात वर केला. चिपाडवाल्या बायकांतनं चन्नम्मानंही केला. सोमेशनं तिच्याकडं न बघता सांगितलं, "बायका रोजंदारीवर हाईत. सभासद न्हाईत."

"वैनी म्हन की रं तोंडानं," चन्नम्मा म्हणाली.

"विरोधात?"

आधी कुणाचा हात उठेना. सगळे सयाजीकडं बघायला लागले. सयाजी आपल्या टाचेकडं बघत होता. मग त्यानं हात वर केला. पूर्ण नाही, कानापर्यंत. पाठोपाठ बाकीचे उठले.

"विरोधात तेरा," सोमेशनं लिहिलं.

गुरुसिद्धनं मोजले. होता तेवढ्या डोळ्यानं, एकेक हात. सयाजीपासनं शेवटच्यापर्यंत अकरा. हंबीररावांचा बारावा. तो परत पहिल्यापासनं मोजायला लागला; वाटलं, डोळ्यानंच दगा दिला. मग त्याला तेरावा सापडला. सोमेश ज्या हातानं मोजत होता, तो खाली आलाच नव्हता.

बैठक संपल्यावर सयाजी खड्ड्यापाशी येऊन बसला. खाली उतरला नाही. "पोरीचं लगीन हाय, गुरू," तो म्हणाला. "आनि तू कसाबी जाळ घालतोसच की. तुला काय डोळं लागत्यात? तू जात्याच जळव्या हाईस."

चिपाडाची मूठ गुरुसिद्धनं चाचपून उचलली.

त्या दिवशी रात्री सोमेश जेवायला बसला. चन्नम्मानं त्याच्यापुढं ताट ठेवलं, पाणी ठेवलं. भाकरी ठेवली नाही.

"वैनी, भाकरी?"

"इतरात हाय बग," ती म्हणाली.

"अण्णा, समजून घे की रं," सोमेश म्हणाला. "क्रांतीचे टप्पे असत्यात. पयल्या टप्प्यात सत्ता आपल्या हातात येती. मानसाचं दुखनंखुपनं दुसऱ्या टप्प्यात. मी आत हाय म्हनून तर उद्या तुजं काम हुनार. भाईर ऱ्हाऊन काय झालं असतं?"

"तू त्यास्नी कवा सांगितलंस?" गुरुसिद्धनं विचारलं.

"काय?"

"मंगळवारचं. फलक सोमवारी छापला आसंल."

सोमेश ताटाकडं बघत राहिला. ताटात काही नव्हतं. "रविवारी," तो म्हणाला. "ते म्हनाले, मला आधी कळलं तर मी बी तुमच्या बाजूनं ईन. मला वाटलं, चांगलंच की. आनि मालक सोता क्रांतीत उतरतोय, ह्ये पुस्तकात कुठंच न्हवतं, अण्णा. माझ्या अंगावर काटा आला."

"गूळ खाल्लावतास."

"दोन खडे," चन्नम्मा म्हणाली.

त्याच आठवड्यात शुक्रवारी आधण जळालं. सयाजीनं दोनदा पाय आपटला होता. गुरुसिद्धनं ते ऐकलं, जाळ आवरायला चिपाडं मागं ओढली. पण ती मागं आलेली नव्हती. धगीत हात घालून त्यानं ओढलं ते नुसतं ऊन होतं. पेटलेली चिपाडं डावीकडं होती, तिथं त्याला काळं दिसत होतं. सयाजीनं परत दोनदा आपटला. मग चारदा. मग एकोणीस वर्षांत पहिल्यांदा तो वरून ओरडला, "आंधळ्या, आवर की!"

गूळ काळा पडला. सोळा ढेपांचा. पूर्वी असं झालं की हंबीरराव एकटे शिव्या द्यायचे आणि बाकीचे मान खाली घालून गुरुसिद्धला चोरून तंबाखू द्यायचे. आता गुऱ्हाळ सगळ्यांचं होतं. सगळे खड्ड्याच्या काठावर गोळा झाले आणि आळीपाळीनं बोलले. मळी काढणारा बोलला, ढेपा बांधणारा बोलला, ज्याच्या हसण्यानं घाणा अडकला होता तोही बोलला. हंबीरराव फक्त म्हणाले, "आपलंच नुकसान झालं, साथी," आणि निघून गेले. सोमेशनं नुकसान वहीत टिपून घेतलं.

खड्ड्यात उभा राहून गुरुसिद्ध वर बघत होता. कडंनं उभी असलेली माणसं त्याला बांबूसारखी दिसत होती, सगळी एकाच जाडीची. शिवी कुठल्या तोंडातनं आली, ते कळत नव्हतं. उलट शिवी द्यावी, तर कुणाकडं तोंड करून द्यायची?

चन्नम्मानं त्याला हाताला धरून वर काढलं. बोटं भाजली होती. गंजीमागं नेऊन तिनं त्यावर गार पाणी ओतलं आणि पदरानं टिपलं.

"जायाचं काय दुसऱ्या गुऱ्हाळावर?" ती म्हणाली.

"आंधळा जळव्या कोन ठेवतंय?"

"मग?"

गुरुसिद्धनं ऑफिसाकडं तोंड वळवलं. त्याच्या तोंडावर काही दिसत नव्हतं; पण चन्नम्माला कळलं आणि तिनं पिशवीतनं वहीचा कागद काढला.

"लिव," तो म्हणाला. "सायबाच्या भाषेत लिव. तम्मा लिवतोय तसं."

तिनं लिहिलं. अडलं तिथं विचारलं, पटलं नाही तिथं स्वतःचं घातलं. संध्याकाळी दोघं ऑफिसात गेले. सोमेशनं अर्ज घेतला, वाचला, भावाकडं बघितलं, आवक नंबर टाकला आणि शिक्का मारला. शिक्क्यातली मशाल अर्जाच्या पहिल्या ओळीवर बसली. तेवढी सोडून बाकी सगळं वाचता येतं.

प्रति,
मा. अध्यक्ष,
क्रांती गुऱ्हाळ साथी संघटना, गडमुडशिंगी, ता. करवीर, जि. कोल्हापूर.

विषय : हंबीरराव यांना पूर्ववत मालक करणेबाबत.

महोदय,

वरील विषयास अनुसरून अर्जदार जळव्या गुरुसिद्ध सविनय कळवितो की, पूर्वी सदर गुऱ्हाळास एक मालक होता. त्याच्याकडे अर्जदाराने दुसरा जळव्या मागितला असता त्याने नाही म्हटले. ते नाही कोणाचे आहे, हे अर्जदारास माहीत होते. क्रांतीनंतर मालक राहिला नाही. नाही मात्र आहे तिथेच आहे. ते आता कोणाचे आहे याचा शोध घेणे अर्जदारास डोळ्यांअभावी शक्य होत नाही.

तरी हंबीरराव यांना पुन्हा मालक करावे, जेणेकरून अर्जदारास त्यांच्याविरुद्ध एक दिवस संप करता येईल. सदर संपास मांडव घालू नये व मालकांनी संपात बसू नये. सयाजी गुळवे यांनी कानापर्यंत वर केलेला हात खाली घेण्यास त्यांना परवानगी द्यावी. अर्जदाराचा धाकटा भाऊ सोमेश हा संघटनेच्या ताब्यात असून तो घरी परत करावा. वापरलेला असला तरी चालेल.

वरील काम अर्जदाराचा उजवा डोळा आहे तोवर करावे. उशीर झाल्यास निर्णय लेखी न देता, कोणीतरी एकट्याने समोर येऊन, स्वतःचे नाव सांगून, तोंडी कळवावा, ही नम्र विनंती.

अर्जदाराचा अंगठा (बोटे भाजल्याने सही नाही).